लोकवनवर तांबेरा, बांधापलीकडची खपली साफ. असं का?

रानवाट, रविवार रात्री ९.४०

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रान कोरेगाव तालुक्यात, मी नोकरीला साताऱ्यात, त्यामुळं शेती शनिवार-रविवारची. यंदा वीस गुंठे लोकवन गहू केला. बांधाच्या पलीकडं तात्यांनी (चुलते) दहा गुंठे खपली टाकली, कारण काकूंना शुगर निघाली आणि कुणीतरी सांगितलं खपलीची चपाती खा. मागच्या पंधरवड्यात आभाळ भरून यायचं, सकाळी दव इतकं की चपला भिजायच्या, आणि आज लोकवनमधनं आडवा चालत गेलो तर पांढरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत विटकरी. पानाला हात लावला की बोटाला भुकटी. तांबेरा, दुसरं काय.

पण गंमत पुढं आहे. तसाच खपलीत शिरलो, चार सारे फिरलो, काय नाय. पानं हिरवीगार. तात्यांना विचारलं तर म्हणाले "खपलीला न्हाई येत रं तांबेरा, आमच्या आज्यापास्नं माहितीय." बरं, येत नाही, पण का येत नाही? वारा तोच, पाणी एकाच विहिरीचं, बांध दोन फुटाचा. मधी काय काच लावलीय का? औषध कुठलं मारायचं ते दुकानदारानं सांगितलंय, ते नका सांगू, मला कारण पाहिजे.

पुणेरी_भाडेकरू, रविवार रात्री १०.०५

तात्या म्हणाले म्हणजे विषय संपला की हो. (मक्याच्या लाह्या घेऊन बसलोय, मका पण गवतच बरं का, धाग्याला धरूनच आहे.)

तासगावचा_मणी, रविवार रात्री १०.२२

नको म्हणालास तरी सांगतो, प्रोपिकोनॅझोल लिटरला एक मिली, विषय कट. आमच्याकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की भुरी आणि डावणीच्या नावानं किती वेळा ब्लोअर फिरतो ते मोजायचं पण सोडलंय आम्ही, आणि तुम्ही एका तांबेऱ्यावर कारणं शोधत बसलाय. जिवाला सुख आहे तुमच्या.

सूक्ष्मदर्शिका, रविवार रात्री ११.१८

@रानवाट, प्रश्न झकास आहे, मिरजेला बदली झाल्यापासून कुणी असलं काही विचारलंच नव्हतं, त्यामुळं लांबण लागणार, चहा करून घ्या.

आधी एक बघून सांगा, पुळ्या कुठं आहेत? पानाच्या वरच्या बाजूला, गोल, विखुरलेल्या, नारिंगी-तपकिरी असतील तर तो पानावरचा तांबेरा. खोडावर, लांबट, साल फाटून वर आलेल्या, गडद विटकरी असतील तर खोडावरचा, ज्याला काळा तांबेरा म्हणतात. दोन्ही वेगळ्या बुरश्या आहेत. तिसरा पिवळा, पण त्याला दहा-पंधरा अंशाची थंडी लागते, तो पंजाब-हिमाचलकडचा, आपल्याकडं त्याचं जमत नाही.

आता तात्यांचं वाक्य. "खपलीला येत नाही" हे अर्धंच खरं. येतो. म्हणजे बीजाणू खपलीच्या पानावर पण तेवढेच पडतात, वाऱ्याला बांध कुठं दिसतो. दवाच्या थेंबात बीजाणू रुजतो, त्याचा कोंब शिरांचे उंचवटे चाचपत पानावर आडवा सरपटतो, आडवा का तर पर्णरंध्रं शिरांच्या ओळीनं असतात, आडवं गेलं की एखादं रंध्र लागणारच. रंध्रावर आला की तिथं फुगतो, आत घुसतो, आणि शहाळ्यात स्ट्रॉ खुपसावी तसं पेशीत शोषकांग घालून साखर ओढायला लागतो. लक्षात घ्या, पेशी मारत नाही. तांबेऱ्याला मेलेलं पान चालतच नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

इथपर्यंत लोकवन आणि खपली साधारण सारखेच. फरक यानंतर. पेशीत बसल्या बसल्या बुरशी स्वतःची काही प्रथिनं आत सोडते, झाडाची आरडाओरड बंद करायला. गव्हाच्या पेशीत राखणदार प्रथिनं असतात, एकेका राखणदाराला एखादंच चोरप्रथिन ओळखता येतं. पालीच्या जत्रेत साध्या वेशातला हवालदार उभा असतो ना, त्याला एक ठराविक पाकीटमार चेहऱ्यानं माहीत असतो, तो दिसला की शिट्टी. दुसरा पाकीटमार शेजारनं गेला तरी हवालदार भेळ खात उभा. तसंच. राखणदारानं ओळखलं की ती पेशी आणि आजूबाजूच्या दोन-चार पेशी स्वतःला मारून घेतात. आपल्याकडं डोंगरात वणवा पुढं सरकू नये म्हणून आधीच जाळपट्टा काढून ठेवतात ना, सेम. जिवंत पेशी नाही म्हणजे साखर नाही, बुरशी जागीच उपाशी मरते.

तेव्हा पुढच्या रविवारी भिंग घेऊन जा (मोबाईलचा मॅक्रो मोड पण चालेल) आणि खपलीचं पान उन्हाकडं धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे फिकट पिवळे-पांढरे ठिपके दिसले तर त्या मेलेल्या पेशी. तुम्हाला खपली "साफ" दिसली ती साफ नाहीये, तिथं लढाई होऊन गेलेली आहे.

रानवाट, सोमवार सकाळी ८.१०

ताई, एसटीत वाचलं, स्टॉप चुकला असता. पुळ्या पानावरच आहेत, वरच्या बाजूला, गोल. खोड साफ आहे. म्हणजे पानावरचा.

मग लोकवनकडं राखणदारच नाहीत का?

सूक्ष्मदर्शिका, सोमवार दुपारी १.३५

आहेत की. गव्हाच्या जनुकसंचात असल्या राखणदारांच्या तीन हजारांवर जागा मोजल्यात. पण आज हवेत फिरणाऱ्या चोरांना ओळखणारे पाहिजेत ना. लोकवन ऐंशीच्या दशकापासनं इतक्या रानात आहे की बुरशीला त्याच्यावर सराव करायला भरपूर वेळ मिळाला. आणि दुसरं म्हणजे खपलीची जातच वेगळी. आपला चपातीचा गहू ४२ गुणसूत्रांचा, खपली २८ ची, बन्सी-डुरम गव्हाच्या भावकीतली. चपातीच्या गव्हावर पोसलेले पानावरच्या तांबेऱ्याचे प्रकार डुरम-खपलीवर बऱ्याचदा चालत नाहीत. तुमच्या बांधावर काच लावलीय ती ही.

देशीबियाणं, सोमवार दुपारी २.५०

हेच तर आम्ही बोंबलून सांगतोय. देशी ते देशी. आपल्या वाडवडिलांच्या बियाण्याला रोग माहीतच नव्हता, हे सुधारित वाण आले, युरिया आला आणि त्याच्या मागनं सगळे रोग आले. खपली लावा, निवांत झोपा. (खपली पाहिजे असल्यास व्यनि करा, सांगलीत घरपोच.)

आप्पा_फलटण, सोमवार सायंकाळी ७.०५

@देशीबियाणं, बाळ, व्यनि करीन मी पण, खपली मला आवडते, पुरणपोळीला तिच्यासारखा गहू नाही. पण इतिहास जरा बघून बोलावं. मी आयुष्यभर शेतीखात्यात गव्हाच्या रानातनं फिरलो. ठगांचा बंदोबस्त केला तो स्लीमन साहेब, त्यानं १८२०च्या दशकाच्या शेवटी नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्यानं गहू कसा साफ झाला ते लिहून ठेवलंय. तेव्हा कुठला युरिया आणि कुठलं हायब्रीड? सगळं देशीच होतं. आणि १९४६-४७ साली मध्य भारतात काळा तांबेरा आला तो तर माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला, त्यांची बदली तेव्हा तिकडं होती, ओंबी धरायची तर आत दाणा नाही नुसतं फोल. तोही गहू देशीच.

देशीला रोग माहीत नव्हता असं नाही, जे देशी त्या त्या रोगाला पुरून उरलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. खपली त्यातली.

देशीबियाणं, सोमवार सायंकाळी ७.३१

आप्पा, मान्य, पण उरलेलं देशीच कामाला आलं ना शेवटी?

सूक्ष्मदर्शिका, सोमवार रात्री ९.५०

आलं, आणि कुठं कुठं आलं ते ऐका, कारण हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत स्टॅकमन म्हणून रोगशास्त्रज्ञ होता. खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार डोळ्यांनी सगळे सारखेच दिसतात, मग ओळखायचे कसे, तर त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९२२ साली बारा गव्हांचा एक ठरलेला संच केला. बुरशीचा नमुना आला की बाराही रोपांवर टाकायचा, कुणावर पुळी येते, कुणावर नुसता ठिपका, त्यावरनं बुरशीचा प्रकार ठरवायचा. त्या बारात मार्क्विस, कोटा, कुबांका असली नावं आहेत, आणि यादीत सगळ्यात शेवटचं नाव आहे खपली. हो, आपली खपली, नाव पण मराठीच ठेवलेलं. जगभरातल्या तांबेऱ्याच्या प्रयोगशाळांत कित्येक दशकं ही बारा रोपं ओळीनं लावली जायची. मी विद्यार्थिनी असताना इंग्रजी पुस्तकात "खपली" वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं, वाटलं छपाईची चूक असेल.

पुढं ऑस्ट्रेलियात सिडनीला वॉटरहाउसनं खपलीचा संकर तिकडच्या स्टाइनवेडेल गव्हाशी केला आणि त्याचं नाव ठेवलं खपस्टाइन. सोपं काम नव्हतं ते. २८ आणि ४२ चा संकर म्हणजे पहिल्या पिढीत ३५ गुणसूत्रं, जोड्या जुळत नाहीत, बरीचशी रोपं वांझ, जे चार दाणे येतील ते परत गव्हाशी जुळवत बसायचं. पण त्यातनं खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्धचं एक जनुक चपातीच्या गव्हात उतरलं, त्याला आज एसआर-१३ म्हणतात. नेमकं कुठलं जनुक ते २०१७ मध्ये शोधून काढलं, आणि निघालं काय, तर वर सांगितलेल्या राखणदारांपैकीच एक.

@रानवाट, मात्र तात्यांच्या दहा गुंठ्यात नेमकं तेच जनुक आहे असं मी म्हणत नाहीये. खपली म्हणून विकलं जाणारं बियाणं पण दहा तऱ्हेचं असतं, आणि तुमच्याकडचा तांबेरा पानावरचा आहे, हे जनुक खोडावरच्याचं.

पुणेरी_भाडेकरू, सोमवार रात्री १०.१५

म्हणजे खपली फॉरेन रिटर्न आहे. आता भाव अजून वाढणार.

(जोक अपार्ट, हे जीएम झालं का मग? जनुक इकडनं तिकडं म्हणताय म्हणून विचारतो.)

सूक्ष्मदर्शिका, सोमवार रात्री १०.२८

नाही हो. परागकण ब्रशनं उचलून दुसऱ्या ओंबीला लावायचे आणि पुढं आठ-दहा पिढ्या निवड. तात्यांचा आजा बैलजोडी निवडायचा त्यातलीच गत, फक्त चिकाटी जास्त.

ऊसवाला_वाळवा, मंगळवार सकाळी ६.४५

गव्हाचं चाललंय त्यात ऊस घुसवतो, ऊस पण गवतच की. आमच्या आजोबांच्या वेळी ७४० होता सगळीकडं, त्याला काणी लागायची, शेंड्यातनं काळा चाबूक बाहेर, पोरं त्यानं एकमेकांची तोंडं काळी करायची म्हणं. मग ७४० गेला, ८६०३२ आला. आता आमच्या भागात एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत नुसता ८६०३२ आणि २६५. तांबेरा उसावर पण दिसतो पावसाळ्यात, पानं खालनं तपकिरी. प्रश्न असा की इतकी वर्षं एकच वाण, तर त्या बुरशीला पण ताई म्हणतायत तसा सराव होणार ना?

आप्पा_फलटण, मंगळवार सकाळी ९.२०

नेमकं बोट ठेवलंत. आणि गव्हापेक्षा उसात हे जास्त, कारण गव्हाचं निदान बी असतं, ऊस आपण कांडी तोडून लावतो. आई, लेक, नात सगळं एकच झाड. फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र १९३२ पासनं आहे, तिथं हेच काम, नवीन वाण आला की काणीचे बीजाणू मुद्दाम लावून बघतात, टिकला तर पुढं.

उसाची मूळ कथा पण ऐका. जुना पुंड्या ऊस आठवतो का कुणाला? जाडजूड, मऊ, दातानं सोलायचा. गोड भरपूर पण रोगाला नाजूक. १९१२ ला कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं, तिथं असल्या जाड उसाचा संकर नदीकाठच्या काशाच्या रानगवताशी केला, पांढरा तुरा येतो बघा ते, साखर नावालाच पण काटक. त्यातनं को-२०५ हा वाण १९१८ मध्ये बाहेर आला. आज आपल्या रानात जो ऊस उभा आहे त्याच्या अंगात थोडं का होईना ते काशाचं रक्त आहे, म्हणूनच तो उभा आहे.

सूक्ष्मदर्शिका, मंगळवार दुपारी १.५०

आप्पांनी सांगितलं त्याला जोड. उसाच्या एका पेशीत शंभरावर गुणसूत्रं असतात, गुंता इतका की उसाचा जनुकसंच नीट वाचून हातात यायला २०२४ उजाडलं. तो ज्या वाणाचा वाचला, आर-५७०, रियुनियन बेटावरचा, त्यात तपकिरी तांबेऱ्याला अडवणारी ब्रू-१ नावाची जागा आहे आणि ती कित्येक वर्षं फुटलेली नाही. म्हणजे एकच जनुक असलं तर ते पडणारच असाही कायदा नाही. काही टिकतात. का टिकतात हा सगळ्यात मजेचा भाग आहे.

आधी पडलेलं सांगते. राय नावाचं गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे, त्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला होता, त्यावर खोडाच्या तांबेऱ्याचं एसआर-३१, पानाच्या तांबेऱ्याचं, पिवळ्याचं, भुरीचं, अशी सगळी जनुकं एका पुडक्यात. उत्पन्नाला पण चांगलं. मग काय, जगभर सगळ्यांनी तेच वापरलं, आपल्याकडं उत्तरेत पण. पंचवीस-तीस वर्षं काळा तांबेरा जवळजवळ विसरला गेला. १९९८ ला युगांडात एका प्लॉटवर पुळ्या दिसल्या, ज्या गव्हावर दिसायलाच नको होत्या त्याच्यावर. नाव पडलं यूजी-९९. त्या बुरशीनं फक्त एवढंच केलं की हवालदार जो चेहरा ओळखत होता तो बदलला. पुढं केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन आणि २००७ ला इराण. नशीब की आपल्याकडं त्याचा उपद्रव झालेला नाही, पण धसका एवढा की आपले वाण केनियात नेऊन तिथल्या मातीत तपासून आणले.

आता टिकलेलं. एलआर-३४ म्हणून जनुक आहे. ते कुणाला ओळखत बिळखत नाही. शिट्टी नाही, जाळपट्टा नाही. तांबेरा येतो पण रखडत येतो, पुळ्या कमी, बारीक, आणि दोन पिढ्यांमधलं अंतर वाढतं. जिथं आठ-दहा दिवसांत नवीन पुळी फुटायची तिथं जास्त दिवस लागले की हंगामात बुरशीच्या दोन-तीन पिढ्याच कमी होतात, आणि एका पुळीतनं हजारो बीजाणू सुटतात तेव्हा दोन पिढ्या कमी म्हणजे केवढा फरक ते तुम्हीच गुणाकार करून बघा. हे पेशीतनं सामान आतबाहेर करणाऱ्या पंपाचं जनुक आहे, २००९ मध्ये सापडलं. पानाचा, खोडाचा, पिवळा, भुरी, सगळ्यांना थोडं थोडं अडवतं आणि शंभरेक वर्षं वापरात असून फुटलेलं नाही. त्याची खूण रानात दिसते, मोठ्या झाडाच्या पानाचं टोक आपोआप वाळतं. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तसंच एलआर-६७, ते साखरेच्या वाहतुकीचं जनुक निघालं. बुरशी ज्या साखरेसाठी येते तिच्याच नळात काहीतरी गडबड.

माझं मत विचाराल तर आपण पैदासकारांनी उगाच शंभर वर्षं "एकही पुळी नको" असा हट्ट धरला. निष्कलंक पान बघायला बरं वाटतं, वाणाच्या फोटोत बरं दिसतं. पण बुरशीला पूर्ण उपाशी मारलं की जी एखादी वेगळी निघते तिला सगळं रान मोकळं मिळतं. थोडा तांबेरा सहन करणारा गहू चांगला, हे मी सेमिनारमध्ये बोलले होते तर एका सरांनी चहाच्या वेळी "तुम्ही शेतकऱ्याला काय सांगणार, रोग बरा असतो म्हणून?" असं विचारलं. अजून उत्तर सुचलेलं नाही.

तासगावचा_मणी, मंगळवार दुपारी ३.४०

ताई, बेस्ट. आता मला सांगा आमच्या द्राक्षाला हे हवालदार कुठं गेले? सुट्टीवर?

सूक्ष्मदर्शिका, मंगळवार दुपारी ४.०२

भुरी आणि डावणी दोन्ही अमेरिकेतनं आलेले रोग, १९व्या शतकात. युरोप-आशियातल्या द्राक्षाची आणि त्यांची आधी कधी गाठच पडली नव्हती, मग हवालदार ओळखणार कुणाला. अमेरिकेच्या रानद्राक्षात आहेत तसली जनुकं, पण तुमच्या थॉमसनमध्ये ती आणायची आणि चव, मणी, साखर सगळं तसंच ठेवायचं म्हणजे पिढ्या जातात. शिवाय डावणी ही खरी बुरशीच नाही, शेवाळाच्या भावकीतली आहे, बाजरीच्या गोसावी रोगासारखी.

ऊसवाला_वाळवा, मंगळवार सायंकाळी ६.३०

गोसावी! लहानपणी ऐकलेला शब्द. कणसाच्या जागी नुसती हिरवी पानं पानं, जटा वाढवल्यासारखी.

आप्पा_फलटण, मंगळवार सायंकाळी ७.१५

हो, आणि त्याचा धडा पण तोच. एचबी-३ हा बाजरीचा हायब्रीड सगळीकडं गेला आणि १९७१ पासनं गोसावीनं झोपला. एकच आई, एकच बाप, सगळं रान एकसारखं.

ज्वारीबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच सांगतो, माणदेशात माझी निम्मी नोकरी गेली. ज्वारीच्या पानावर बुरशीनं ठिपका केला की त्याच्याभोवती तांबडं-जांभळं होतं. आमचे शेतकरी म्हणायचे रोगानं पान रंगवलं. तरुणपणी मी पण तसंच लिहायचो अहवालात.

सूक्ष्मदर्शिका, मंगळवार रात्री ९.०८

आप्पा, तो रंग रोगाचा नाहीच, ज्वारीचा स्वतःचा आहे. बुरशी जिथून आत शिरायला बघते त्या पेशीत बारीक बारीक गोळे तयार होतात, ते सरकत सरकत नेमके त्या जागेपाशी जातात, तिथं फुटतात आणि तांबडं रंगद्रव्य ओततात. ते बुरशीला विष. पेशी पण मरते त्यात. म्हणजे तुम्ही ज्याला जखम म्हणून लिहिलं तो ज्वारीनं दिलेला दणका होता.

दाण्याचंही तसंच, खरिपाच्या ज्वारीचं कणीस पावसात सापडलं की पांढरा दाणा काळा पडतो, तांबड्या दाण्याच्या जाती त्या मानानं तग धरतात. पण भाकरी पांढरी पाहिजे आपल्याला. पिढ्यान्‌पिढ्या आपणच निवडून निवडून तिची ढाल काढून घेतली.

(आणि "पेशी मारून घेणं" नेहमी कामाला येत नाही हे पण सांगून टाकते. काही बुरश्यांना मेलेलंच पान लागतं. अमेरिकेत व्हिक्टोरिया नावाच्या ओटमध्ये तांबेऱ्याचा राखणदार आणला, तांबेरा थांबला, आणि १९४०च्या दशकात दुसरीच एक बुरशी आली जिचं विष नेमकं त्याच ओटवर चालायचं. हवालदारालाच फितवून पेशी मारायला लावायच्या आणि मग आपण निवांत जेवायचं. असो, यावर वेगळा धागा होईल.)

देशीबियाणं, मंगळवार रात्री ९.४४

मला एक कळलं नाही. आपल्याकडं मे महिन्यात रानात गहू नसतो, असला तर उन्हानं करपतो. मग दरवर्षी तांबेरा येतो कुठनं? बियाण्यातनं का?

आप्पा_फलटण, बुधवार सकाळी ८.००

बियाण्यातनं नाही. आग्रा कॉलेजचे करमचंद मेहता म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी उभं आयुष्य यात घातलं. त्यांनी दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा मरतो आणि डोंगरात जगतो, उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरात, तिथं थंड हवेत कुठं ना कुठं गहू उभा असतो. तिथनं हिवाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन खाली. पुढच्या शास्त्रज्ञांनी तर बंगालच्या उपसागरातल्या नोव्हेंबरच्या वादळांशी त्याचा मेळ घातला, वादळ आलं की बीजाणू इतके शे किलोमीटर वर नेऊन पावसाबरोबर टाकतं.

म्हणजे @रानवाट, तुमच्या पॅन्टीला लागलं त्याचं गाव तमिळनाडूत असू शकतं.

आणि आपल्या जिल्ह्यातच महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे तांबेराच. लोक स्ट्रॉबेरी खाऊन येतात, कुणाला पत्ता नसतो की इथं गव्हाला मुद्दाम रोग लावतात. हवा तशी थंड-दमट, तांबेरा खुशीत वाढतो, नव्या वाणांच्या ओळी लावायच्या, मधी हमखास बळी पडणारा गहू लावायचा, आणि मग बघायचं कोण टिकतंय. आघारकर संस्थेचा ६४७८ हा गहू करंजखोपला तुमच्याच तालुक्यात गाजला होता ना २०२० ला, तो पण तांबेऱ्याला टिकणारा म्हणून. पुढच्या साली लोकवनचा हट्ट सोडा, तो नाहीतर निफाडचा फुले समाधान बघा, पण सगळ्या वीस गुंठ्यात एकच नको.

रानवाट, रविवार दुपारी १२.२०

रानातनंच लिहितोय, रेंज येते-जाते.

भिंग नेलं. ताई, ठिपके आहेत! खपलीच्या पानावर, उन्हात धरलं की दिसतात, अगदी टाचणीएवढे, पिवळसर. तात्यांना दाखवलं तर ते भिंग हातात घेऊन अर्धा तास सोडेनात, आता काकूंना बोलवायला गेलेत. मग मी सगळी खपली ओळीनं बघितली, आणि सहाव्या साऱ्यात, पाटाच्या कडेला, एका झाडावर पुळ्या आहेत. खऱ्या. बोटाला भुकटी लागते. आजूबाजूची झाडं साफ. तात्या गप्पच झाले एकदम.

सूक्ष्मदर्शिका, रविवार दुपारी १२.४१

उपटू नका! आधी ते झाड खपलीच आहे का बघा, ओंबी धरा, दाणा टरफलात घट्ट आहे का, का चोळल्यावर लगेच सुटतो. बियाण्यात लोकवनचा एखादा दाणा मिसळलेला असणं सगळ्यात शक्य.

रानवाट, रविवार दुपारी १.०५

दाणा अजून हिरवा आहे पण टरफल सुटत नाही. ओंबी चपटी, शेजारच्यांसारखीच. तात्या म्हणतात खपलीच आहे, पैज लावा.

सूक्ष्मदर्शिका, रविवार दुपारी १.१२

मग पुळ्या असलेली चार-पाच पानं तोडा, सावलीत जरा सुकू द्या आणि कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, घाम येऊन कुजतात. पाकिटावर गाव, तारीख, वाण आणि शेजारी काय होतं ते लिहा. महाबळेश्वरच्या केंद्रात दाखवू. मी शनिवारी पाचगणीला येणारच आहे.

रानवाट, रविवार दुपारी १.३०

पाकीट नव्हतं, काकूंनी लग्नाच्या पत्रिकेचं दिलंय. चालेल ना?

आप्पा_फलटण, रविवार दुपारी १.३८

चालेल. हळदीकुंकू झटकून घ्या तेवढं, नाहीतर तेच तांबेरा म्हणून तपासतील.